लतीफ, दोरी सुटली नव्हती

लतीफ, नांदेडच्या शर्यतीत शेवटची रेघ तुझ्याआधी मी ओलांडली.

आंधळ्या धावपटूसोबत पळणाऱ्यानं जी एक गोष्ट करायची नसते, ती हीच. दोरीचं एक टोक त्याच्या हातात, एक आपल्या हातात. बाजूनं पळायचं, वळण आलं की सांगायचं, आणि शेवटाला अर्धं पाऊल मागं राहायचं. रेघ आधी त्यानं ओलांडायची, मग आपण. आपण आधी गेलो की तो बाद. आदल्या दिवशी पंचांनी हे सगळ्यांना दोनदा समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, आणि वर "साहेब, मी गणिताचा मास्तर, नियमांवरच माझं पोट आहे" असंही ऐकवलं होतं.

हे आज लिहून काढतोय, कारण तोंडानं सांगायची मुदत गेल्या आठवड्यात संपली. पंचवीस वर्षांहून जास्त मुदत होती. एवढ्या मुदतीत माझ्या क्लासमधून मुलं डॉक्टर होऊन, लग्न करून, त्यांची मुलं पुन्हा माझ्याच क्लासला आली. मला एक वाक्य पूर्ण करता आलं नाही.

तुला मिट्टी द्यायलाही मी नव्हतो. त्या दिवशी नांदेडला नव्या बॅचचा कार्यक्रम होता. फोन खिशात मुका करून ठेवलेला, आणि मी स्टेजवरून पोरांना वेळेचं महत्त्व सांगत होतो. चांगलं पाऊण तास सांगितलं. त्याच पाऊण तासात लातुरात तुला कब्रस्तानाकडं नेत होते. हॉलमधल्या टाळ्या संपल्यावर फोन पाहिला. सात मिस कॉल होते. मी खुर्चीवर बसलो, आणि पहिला विचार काय आला सांगू? आता त्याला कसं सांगणार, असा नाही आला. आता सांगावं लागणार नाही, असा आला. मग त्या विचाराचीच एवढी भीती वाटली, की दोन दिवस लातूरकडं निघायचं धाडस झालं नाही.

तुला आठवतं का, आपली पहिली भेटही माझ्या शिकवण्यातूनच झाली. लातूरच्या गोलाईत, त्या गोल बाजारपेठेच्या एका गल्लीत, सायकलच्या दुकानावर मी दोन खोल्या घेऊन क्लास काढला होता. जिन्याखाली ओट्यावर तू खुर्च्या विणत बसायचास. कोर्टाच्या, शाळांच्या, तहसीलच्या, वेतानं विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या. बोटं अशी चालायची की मी जिन्यात उभा राहून बघत बसायचो. एक दिवस राहवलं नाही. खाली उतरून तुला सांगू लागलो, की तू जी विणतोस त्या विणीतलं प्रत्येक छिद्र अष्टकोनी असतं, आतला कोन एकशे पस्तीस अंशांचा, आणि दोन अष्टकोनांच्या मध्ये जो चौकोन उरतो त्याचं कारण असं असं. तू सगळं ऐकून घेतलंस. हात थांबला नाही. शेवटी म्हणालास, "मास्तर, आता हिच्यावर बसून बघा. एकशे पस्तीस हाय का न्हाई ते तिथंच कळंल."

तेव्हापासून मी तुझा मास्तर आणि तू माझा लतीफ. सकाळचा पहिला चहा तुझ्या ओट्यावर. तू गोवरात चौथ्या वर्षी डोळे गमावलेस हे तू सांगितलंस, पण सांगताना मुखेडच्या शिवाराबद्दलच जास्त बोललास. तिथं तुझी आपा, थोरली बहीण, तुझा हात धरून तुला पळवायची. ज्वारी काढल्यावर मोकळ्या झालेल्या रानात. तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. "आपा पुढं ओढायची न्हाई, मागं ऱ्हायची न्हाई," तू म्हणायचास. आपाचं लग्न झालं, ती औशाच्या पलीकडं एका गावात गेली, आणि तुझं पळणं थांबलं. तेव्हा तू बारा वर्षांचा होतास.

मग क्लासमध्ये पोरं वाढली. लातूरची पोरं बोर्डात चमकू लागली आणि गावोगावचे बाप ट्रंका घेऊन एसटी स्टँडवर उतरू लागले. मी दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, आणि ही बातमी पहिली कुणाला दिली असेल तर तुला. धावत खाली येऊन, एक खुर्ची सोबत घेऊन. लाल रंग, एकावर एक रचता येतात, मोडतच नाहीत, असं सगळं सांगितलं. तू खुर्चीच्या बैठकीवरून हात फिरवलास. "गार हाय," एवढंच म्हणालास. दोन वर्षांत तुझ्या ओट्यावर येणाऱ्या खुर्च्या निम्म्या झाल्या. त्या दिवशी तुझा चेहरा का उतरला, हे कळायला मला ती दोन वर्षं लागली. वर्गात पोरांना मी म्हणायचो, प्रश्न नीट वाचा, अर्धं उत्तर त्यातच असतं.

किल्लारीच्या भूकंपाच्या सकाळी सगळं लातूर रस्त्यावर होतं. मी घरातून खडूचा डबा घेऊन बाहेर पळालो होतो. बायको, मुलगा, दोघं माझ्याआधी बाहेर येऊन उभे, आणि मी खडूचा डबा छातीशी धरून. बायकोनं ते पुढं कधी विसरू दिलं नाही. तू मात्र त्यावर हसला नाहीस. तू रेडिओला कान लावून बसला होतास. गावांची नावं येत होती. आपाचं गाव आलं तेव्हा तू उठलास आणि म्हणालास, "गाडी काढ."

तू स्कूटरवर मागं बसलास आणि आपण निघालो. औसा सोडल्यावर गाड्यांची, माणसांची गर्दी लागली. गावापाशी पोचलो तर पोचलो हे कळायला वेळ लागला, कारण गाव म्हणून ओळखावं असं काही उभंच नव्हतं. मी स्कूटर थांबवली. तू खांद्यावर हात ठेवलास.

"सांग."

मी किल्ली काढून खिशात घातली.

"मास्तर, जे हाय ते सांग. गोड करू नको. माझ्याकडं तुझ्याबिगर डोळे न्हाईत."

मग मी सांगितलं. दगड, माती, माळवदाच्या तुळया, एक उभी चौकट, चौकटीला तोरण. बायका कुठं बसल्यात, पुरुष कुठं उकरतायत. एकेक सांगत गेलो. आपाच्या घराची जागा एकानं दाखवली, तेव्हा तेही सांगितलं. तिला बाहेर काढून ओळीत ठेवलं होतं, तेही सांगितलं. तू खाली बसलास, हातानं चाचपत तिचा हात शोधलास आणि धरलास. मी तिथून दहा पावलं लांब जाऊन उभा राहिलो, आणि एवढ्या लांबूनही मला तुझी बोटं दिसत होती.

त्या दिवशी मी तुला एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. नंतर हिशेब मांडून पाहिलं तर आपल्या दोस्तीत तेवढा एकच दिवस असा निघेल, कारण मी थोडंफार वाढवून सांगणारा माणूस आहे. पण वाढवून सांगणं वेगळं. तू ते ओळखायचास आणि तुला मजा यायची.

नंतरच्या महिन्यांत मदतीच्या गाड्या यायच्या. तुझ्याकडं बघून कुणी ना कुणी हळहळत विचारायचं, किल्लारीचे का? तू म्हणायचास, "न्हाई साहेब, गोवराचा." तरी तीन घोंगड्या तुझ्या पदरात पडल्याच. एक तू मला दिलीस. म्हणालास, "तू बी लिहून घे नाव. खडूचा डबा धरून पळालास, तुझं बी डोकं हलल्यालं हाय." म्हणजे तू ते ऐकलं होतंस, आणि हसायला चार महिने थांबला होतास.

तिसऱ्या वर्षी एक संस्था आली. भूकंपात पाय गेलेले, कण्याला मार बसलेले, जन्मापासूनचे अपंग, सगळ्यांसाठी खेळ भरवायचे म्हणाली. स्वयंसेवक हवे होते. मी हात वर केला. का केला, ते आता लिहून टाकतो. स्वयंसेवकांना टी-शर्ट स्वतःचे चालतील असं त्यांनी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं छातीवर क्लासचं नाव आलं. समाजसेवा मला नंतर आठवली. पण तुला विचारायला आलो तेव्हा मी आधी समाजसेवाच बोललो. तू ऐकून म्हणालास, "चारशे मीटर म्हणजे किती?" मी म्हणालो, गोलाईला साधारण एक फेरा, वर थोडं. अंदाजच होता, पण तू म्हणालास, "मग चल."

सकाळी दुकानं उघडायच्या आधी आपण गोलाईभोवती पळायचो. दोरी तू स्वतः विणली होतीस, सुती, तीन पदरांची, दोन्ही टोकांना बोटं अडकवायला फास. पहिल्या दिवशी मी तुला असा ओढला की तू थांबून म्हणालास, मी काय बैल हाव का? दुसऱ्या दिवशी मी मागं राहिलो, तेव्हा म्हणालास, आता तू बैल. तिसऱ्या दिवशी मी दर दहा पावलांना "सांभाळून" म्हणत होतो. तू चिडलास. "सांभाळून म्हणजे काय? डावीकडं का उजवीकडं? वर का खाली? तू घाबरला हे मला कळलं, आता रस्ता सांग." एवढी वर्षं शिकवून मला कुणी असं सुनावलं नव्हतं. आजही वर्गात कुणा पोराला "नीट कर" म्हणायला तोंड उघडतो आणि तू आठवतोस. नीट म्हणजे काय, ते सांगावं लागतं.

एकदा मला वाटलं, तुला काय वाटतं ते समजून घ्यावं. मी माझ्याच डोळ्यांवर रुमाल बांधला आणि म्हणालो, आज तू ने. तू नेलंस. गुळाच्या अडत्याजवळ म्हणालास, वळण धर. मिरचीच्या गल्लीशी मला शिंक आली, तू म्हणालास अर्धं झालं. चामड्याचा वास आला की उतार. तू अख्खी गोलाई नाकानं पळत होतास, आणि मी शेवटी रॉकेलच्या टाकीपाशी रुमाल सोडून बसकण मारली. तू शेजारी उभा राहून हसत होतास, आणि म्हणालास, "चार मिंटं झाली फकस्त, मास्तर."

गोलाईच्या फेऱ्यांत एक घोळ होता, जो माझ्यासारख्या गणितवाल्याला पहिल्या दिवशी कळायला हवा होता. तिथं सगळं वळणच. सरळ रस्ता नाहीच. नांदेडच्या मैदानावर सरावाला उतरलो आणि पहिल्या सरळ पट्ट्यावर तू आतल्या बाजूला चाललास. "वळण कुठं गेलं?" म्हणून विचारायला लागलास. मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. त्या संध्याकाळी आपण मैदानाच्या कडेनं सरळ चालत राहिलो, नुसतं सरळ, अंधार पडेपर्यंत. तू म्हणालास, आपाच्या रानात सरळच होतं, विसरलाव बघ. आणि तुझं पाऊल जमलं.

शर्यतीत सहा जोड्या होत्या. पहिला येणारा पुढं पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. शंभर मीटरला तू पुढं होतास. वळणावर मी एकच शब्द बोललो, डावं. समोरच्या सरळीवर तू असा पळालास की मला धाप लागली, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तू बारा वर्षांचा दिसत होतास. मागची जोडी लांब राहिली. आपण जिंकलो होतो, लतीफ. मी मुकाट अर्धं पाऊल मागं पळत राहिलो असतो तरी.

रेघेपाशी एक वार्ताहर कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसला होता. मला तो वीस पावलांवरून दिसला. छातीवर क्लासचं नाव होतं, लाल अक्षरांत, खास मोठं करून घेतलेलं. मी छाती पुढं काढली. एवढंच केलं. पण पळणाऱ्या माणसाची छाती पुढं गेली की पायही जातात.

टाळ्या झाल्या आणि लगेच ओरडा झाला. पंचानं लाल झेंडी वर केली. तू हसतच थांबलास, धापा टाकत, माझ्याकडं तोंड करून. "काय झालं?"

मी म्हणालो, "दोरी सुटली तुझ्या हातातून."

हे कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. विचार करून बोललो असतो तर निदान बरं खोटं बोललो असतो. तू हात वर केलास. फास तुझ्या बोटांत होता, घट्ट. तू दुसऱ्या हातानं तो चाचपलास, हळूहळू, पदर न् पदर, जशी खुर्चीची वीण तपासायचास तशी. मग म्हणालास, "सुटली आसंल." मी म्हणालो, सुटली आणि तू परत पकडलीस, पण नियम म्हणजे नियम. त्या खोट्याला मी वर आणखी एक टेकू दिला. परतताना लोहा, अहमदपूर, चाकूर, एसटी प्रत्येक थांब्यावर थांबली, आणि मी प्रत्येक थांब्यावर चहा विचारला. तुला एकदाही नको होता.

दुसऱ्या सोमवारी मी गोलाईत आलो तर तू नव्हतास. ओट्यावर गेलो. तू म्हणालास, बस झालं मास्तर, वय झालं. चाळीसही नव्हतं वय. मला सुटल्यासारखं झालं, आणि मी तुला आग्रहही केला नाही.

फोटो छापून आला नाही. मीच वार्ताहराकडून मागून आणला, आणि पुढच्या वर्षीच्या क्लासच्या माहितीपत्रकावर टाकला. खाली ओळ टाकली, ध्येयाकडे झेप. फोटोत तुला ठेवणं शक्य नव्हतं. तू माझ्या मागं दिसत होतास, म्हणजे झालेला गुन्हाच दिसत होता. म्हणून कात्रीनं तुला कापला. पण तुझा हात कापता येईना. तो माझ्या हाताला बांधलेला होता. तो कापायचा तर माझं मनगटही जात होतं. म्हणून तो राहिला. हजारो माहितीपत्रकं वर्तमानपत्रांत घालून घरोघर गेली, नांदेड-लातुरात, उदगीर, देगलूरपर्यंत. त्या सगळ्यांत मी छाती काढून रेघ ओलांडतोय आणि कडेला कुणाचातरी हात, बोटांत दोरीचा फास. मला वाटलं, तू काही ते बघणार नाहीस.

त्याच वर्षी नांदेडला शाखा काढली. मग आधी आठवड्यातून चार दिवस, मग सगळेच दिवस तिकडं. लातूरला येणं ईदेपुरतं उरलं. भाभीचा शीरखुर्मा, तुझ्या घराची पुढची खोली, तू आणि मी. आणि दर ईदेला, सगळं बोलून झाल्यावर, तू विचारायचास, "मास्तर, त्या दिशी दोरी नेमकी कुठं सुटली रे?"

पहिल्या वर्षी मी सांगितलं, शेवटच्या वळणावर. पुढच्या वर्षी बोलण्याच्या ओघात सांगून गेलो, सरळीवर. तू वाटी खाली ठेवलीस. "मागच्या ईदीला वळण म्हणला होतास." मी म्हणालो, वळण संपून सरळ सुरू होतं तिथंच. तू म्हणालास, हां, तिथं आसंल. मग मी एक उत्तर पाठ केलं आणि वर्षानुवर्षं तेच दिलं. तू ही पुरानी बात का काढतोस म्हणून एकदा चिडलोसुद्धा. तू म्हणालास, "सहज. विसरायला होतं म्हणून विचारतो." मला वाटायचं, बिचारा अजून स्वतःला दोष देतोय. दया यायची मला तुझी. ही गोष्ट लिहिताना हात थांबतो, पण खरी आहे. दया यायची.

तुझ्या पोरीला, यास्मिनला, माझ्या क्लासला पाठव, असं मी किती वेळा म्हणालो. तू म्हणायचास, ती तिचं तिचं बघंल. बघितलंही. आज ती शिक्षिका आहे, आणि माझ्याकडं एकही दिवस न येता झाली.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, मयतीमागच्या दुव्याला, मी पोचलो. दुवा झाली, माणसं पांगली. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, आतल्या खोलीत बसलेली, तिच्याशी बोलणं नव्हतंच. पुढच्या खोलीत मी आणि यास्मिन. पस्तीस-छत्तीस वर्षांची झाली, तरी कपाळ तुझंच. मी ठरवून आलो होतो. बसमध्ये तीनदा म्हणून पाहिलं होतं. म्हटलं, तुला नाही तर तुझ्या पोरीला तरी.

मी सांगितलं. रेघ, छाती, कॅमेरा, सगळं. ती खाली मान घालून ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "म्हाईत हाय सर."

मी विचारलं, कधीपासून.

तिनं जे सांगितलं ते असं. ती दहा वर्षांची असताना पेपरात माझं माहितीपत्रक आलं. तू ओट्यावर होतास. तिनं तुला वाचून दाखवलं, आणि फोटोत काय आहे ते सांगितलं. कारण घरात तिलाही तू तेच शिकवलं होतंस, जे असेल ते सांग, गोड करू नको. ती म्हणाली, अब्बा, यात सर पुढं आहेत, आणि एक हात हाय, तुमच्यासारखा, करंगळीला वेताचा व्रण हाय. दोरी हातातच हाय.

"लतीफ काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणले, मला पहिल्याच दिशी कळालं होतं. दोरी पुढं ओढली गेली होती. हातातून सुटली आसती तर ढिली झाली आसती."

अर्थात. तू तीन पदरांची दोरी विणणारा माणूस. ताण कुठून येतोय हे तुला डोळ्यांनी कळायची गरज नव्हती. आणि मी तुला दर ईदेला वळण आणि सरळ सांगत बसलो होतो. दर वर्षी तू विचारायचास, मी न सांगता शीरखुर्मा पिऊन निघायचो, आणि तू दारापर्यंत सोडायला यायचास.

मी यास्मिनला म्हटलं, माझ्यामुळं त्याचं पळणं सुटलं, हे मला आता कुणाला सांगायचं ते कळत नाही. तेव्हा ती उठली. आतल्या खोलीतून एक पिशवी घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. पिशवीत चार पदकं होती, त्यांच्या फिती फिकटलेल्या. सोलापूर, परभणी, औरंगाबाद, आणि एक कुठलं तरी, ज्यावरची अक्षरं झिजली होती.

तू थांबलाच नव्हतास, लतीफ. माहितीपत्रक आलं त्याच्या आधीपासून, शर्यतीनंतरच्या महिन्याभरातच, मी क्लासला यायच्या आधी, पहाटे तू यास्मिनला घेऊन गोलाईला जात होतास. आधी ती लहान, तू तिच्या पावलानं पळायचास. मग तिची पावलं वाढली. कॉलेजात गेल्यावर ती तुला स्पर्धांना घेऊन गेली. दोन वर्षांपूर्वी गुडघा धरेपर्यंत तुम्ही दोघं पळत होता. गुळाच्या अडत्यांना माहीत होतं, मिरचीवाल्यांना माहीत होतं. भाभी दर ईदेच्या सकाळी भिंतीवरची पदकं उतरवून पिशवीत घालायची, मी यायच्या आधी, आणि मी गेल्यावर पुन्हा टांगायची. कारण तू सांगितलं होतंस, मास्तरला वाईट वाटंल.

मी वर बघितलं. माझ्या डोक्यावर, जिथं मी दर वर्षी पाठ टेकून बसायचो, त्या भिंतीवर चार खिळे होते. पंचवीस ईदा मी त्या भिंतीशी बसून तुझी कीव केली.

मला रडू आलं. यास्मिननं पाणी दिलं. थोड्या वेळानं मी म्हणालो, आणि हे म्हणताना माझ्या आवाजात तक्रार होती, तुझ्यावरच, अजूनही, की एवढ्या वर्षांत लतीफनं मला एका शब्दानं तरी सांगायचं होतं, की तो पळतोय.

यास्मिननं ग्लास उचलला. चिडलेली नव्हती. शाळेतल्या पोराला चूक दाखवावी तशी माझ्याकडं बघत म्हणाली, "सर, तुम्ही कधी विचारलं का, अब्बा पळता का आता? तुम्ही यायचे न् निस्तं सांगत बसायचे."